संस्थापकांच्या पुण्यतिथीसाठी हाताने सजवलेला स्मृतिफलक कसा करावा

पुण्यतिथी आठवड्यावर आली की बहुतेक शाळांतून फ्लेक्सवाल्याला फोन जातो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो, दोन्ही बाजूंना समया, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि संध्याकाळी फ्लेक्स तयार. एका उन्हाळ्यात त्याचा रंग उडतो आणि पुढच्या वर्षी नवा येतो. ज्या माणसानं शाळा उभी केली त्याच्याबद्दल त्या फ्लेक्सवर नाव आणि दोन तारखा सोडून काहीच नसतं, आणि कित्येकदा त्या तारखाही चुकलेल्या असतात.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खासगी अनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या शाळेसाठी आणि नंतर ओळखीच्या काही शाळांसाठी असे फलक हाताने केले. जाड कागदावर बोरूनं किंवा निबनं लिहिलेला मजकूर, मधोमध रेखाटलेला चेहरा, भोवती रंगवलेली चौकट आणि वर काच. हे काम अवघड नाही, पण त्याचा क्रम चुकला की सगळंच चुकतं. बहुतेक जण नक्षीपासून सुरुवात करतात. सुरुवात कागदपत्रांपासून करायची. आधी माणूस नीट कळला पाहिजे, मग मजकूर, मग अक्षर, आणि सगळ्यात शेवटी नक्षी.

हाताशी दोन महिने ठेवा. त्यातला अर्धा वेळ माहिती पक्की करण्यात जातो, आणि जाऊ द्यावा.

१. परवानगी आणि घरच्यांची भेट

मुख्याध्यापकांना तोंडी सांगून कामाला लागू नका. शालेय समितीच्या बैठकीत एक ओळीचा ठराव घ्या: फलक कुठे लागणार, मजकूर कोण मंजूर करणार, खर्च कोणत्या खात्यातून. मजकूर मंजूर करणारी माणसं दोनच ठेवा. सगळ्या संचालकांकडे कच्चा मजकूर फिरवलात की प्रत्येकाचं एक विशेषण वाढतं.

त्यानंतर संस्थापकांच्या घरी जा. मुलं-नातवंडं पुण्याला किंवा संभाजीनगरला असली तर फोनवर बोला, पण बोलाच. त्यांच्याकडून चार गोष्टी विचारून घ्यायच्या: मूळ फोटो आहे का, नाव पूर्ण कसं लिहायचं, पुण्यतिथी तिथीने पाळतात की तारखेने, आणि नावाआधी काय लावायचं. शेवटचा प्रश्न टाळू नका. आपण सवयीनं ‘कै.’ लिहून टाकतो. वारकरी घरात ‘वै.’ (वैकुंठवासी) आणि ‘ह.भ.प.’ (हरिभक्तपरायण) हवं असतं, बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’ म्हणतात, मुस्लिम कुटुंबात ‘मरहूम’. काहींना नुसतं ‘दिवंगत’ किंवा ‘स्मृतिशेष’ आवडतं. घरचे म्हणतील ते लिहा.

२. कागदपत्रं जमवा आणि तारखा पक्क्या करा

लागणारी कागदपत्रं:

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि घटना
- सुरुवातीच्या वर्षांची इतिवृत्त वही
- शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, निदान पहिली दहा पानं
- रौप्य किंवा सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका
- इमारतीवरच्या कोनशिलेचा फोटो
- मृत्यूचा दाखला किंवा त्या दिवसांतल्या वर्तमानपत्राचं कात्रण
- संस्थापक स्वातंत्र्यसैनिक असतील तर ताम्रपट, सन्मानपत्र किंवा निवृत्तिवेतनाचे कागद

स्मरणिकेवर एकटीवर विसंबू नका. पहिल्या स्मरणिकेत एक चूक झाली की पुढच्या प्रत्येक स्मरणिकेत तीच उतरते. इतिवृत्त आणि कोनशिला यांचा मेळ बसला तरच ते साल धरा.

आपल्या मराठवाड्यात इथेच खरा गुंता असतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी कारभार उर्दूत चालायचा आणि कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं वर्ष, असायचं. जुन्या वहीत ‘१३५७’ दिसलं तर ते शके समजून लोक त्यात ७८ मिळवतात आणि शाळा थेट पंधराव्या शतकात नेतात, किंवा काहीच न कळून तो आकडा सोडून देतात. हैदराबाद संस्थानचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजर महिन्यानं सुरू व्हायचं. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या नोंदीसाठी फसली सनात ५९० मिळवा, आणि जानेवारीपासून सप्टेंबर संपेपर्यंतच्या नोंदीसाठी ५९१. पडताळा पाहायचा असेल तर जहागिरी संपवणारा कायदा घ्या. तो ऑगस्ट १९४९ चा आणि त्याच्या नावात १३५८ फसली आहे. ५९१ मिळवले की बरोबर जुळतं.

महिन्यांची नावं आजर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी अशी चालतात, शेवटचा महिना आबान. वहीत साल आणि महिना दोन्ही असतील तर इसवी सन काढणं सोपं. नुसतं साल असेल तर फलकावर ‘१९४७-४८’ असं जोडसाल लिहा, अंदाजानं एक निवडू नका. नोंद उर्दूत असेल तर गावात उर्दू वाचणारी जुनी माणसं अजून आहेत, उर्दू शाळेतले शिक्षक तर आहेतच. त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि मराठीत उतरवून त्यांचीच सही घ्या.

दुसरा गुंता गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांचा. जुन्या कागदातलं ‘मोमिनाबाद’ म्हणजे आजचं अंबाजोगाई. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. त्यामुळे ‘१९१५ साली लातूर जिल्ह्यात जन्म’ हे वाक्य जसंच्या तसं चुकीचं ठरतं. ‘जन्म : निलंगा तालुका’ एवढंच लिहिलं की प्रश्न मिटतो. उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आता झालं आहे. आजचा पत्ता लिहिताना नवं नाव वापरा, पण एखाद्या जुन्या संस्थेच्या नावातच जुनं गाव असेल तर ते नोंदणीपत्रात आहे तसं ठेवा.

तिसरा गुंता जन्मतारखेचा. १ जून किंवा १ जुलै अशी तारीख दिसली की थांबा. पूर्वी पालकांना तारीख आठवत नसली की शाळेत गुरुजी हीच तारीख लावून मोकळे व्हायचे. घरी जन्मटिपण किंवा पत्रिका असेल तर ती पाहा. नसेल तर फलकावर फक्त जन्मसाल लिहा.

आणि एक कळकळीची विनंती. आपल्याकडच्या अनेक शाळांचे संस्थापक हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते, हे खरं आहे. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ स्वतः हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. शाळा आणि लढा यांचं नातं या मातीत इतकं जवळचं होतं. पण म्हणून प्रत्येक संस्थापकाच्या नावाआधी ‘स्वातंत्र्यसैनिक’ लावू नका. कागद असेल तर अभिमानानं लावा. नसेल तर त्यांनी शाळा काढली हे काम स्वतःच्या बळावर उभं राहतं.

३. मजकूर: चाळीस शब्द, आणि तेही त्यांच्याबद्दलचे

‘शिक्षणमहर्षी, थोर समाजसेवक, ज्ञानगंगा खेड्यापाड्यांत पोहोचवणारे, दीनदुबळ्यांचे कैवारी.’ हा मजकूर महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थापकाच्या फोटोखाली चालतो, म्हणजे तो कुणाचाच नाही. मजकूर झाला की एक कसोटी लावा. नाव झाकून वाचा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला हा माणूस कोण ते ओळखता आलं पाहिजे.

त्यासाठी दोन-तीन ठोस गोष्टी पुरतात. शाळा प्रथम कुठे भरली, पैसा कुठून आला, कुणाची लेकरं आधी आली, कुणाचा विरोध होता. पहिल्या तुकडीतलं कुणी हयात असेल तर त्यांच्यापाशी बसा. या गोष्टी कागदात नसतात.

नमुन्यादाखल एक मजकूर देते:

‘१९४९ मध्ये मारुतीच्या पारावर अकरा मुले घेऊन शाळा सुरू केली. खळ्याखळ्यावरून पायली-पायलीने जोंधळा मागून मास्तरांचे पगार भागवले. मुलींचा पहिला वर्ग स्वतःच्या घरात भरवला. त्या वर्गापासून आजवर शिकलेल्या सर्वांच्या वतीने, कृतज्ञतापूर्वक.’

हा मजकूर तीसेक शब्दांचा आहे आणि त्यात स्तुतीचं एकही विशेषण नाही. चाळीसच्या वर जाऊ नका, याचं कारण पुढे मापं काढताना कळेल.

शुद्धलेखन आताच तपासा, रंगवल्यावर नाही. फलकांवर हमखास चुकणारे शब्द हे: ‘स्मृती’ एकटा आला तर दीर्घ, पण ‘स्मृतिदिन’, ‘स्मृतिफलक’ यांत ऱ्हस्व. ‘पुण्यतिथी’, ‘श्रद्धांजली’, ‘शताब्दी’ यांचा शेवट दीर्घ. ‘आशीर्वाद’ मधला रफार ‘वा’वर, ‘शी’वर नाही. ‘विद्यार्थी’ दीर्घ, ‘विद्यार्थिनी’ मध्ये ‘र्थि’ ऱ्हस्व. मराठीच्या सरांकडून लेखी तपासून घ्या आणि तो कागद सांभाळून ठेवा.

सध्याच्या अध्यक्षांचं, देणगीदारांचं, प्रायोजकांचं नाव फलकाच्या दर्शनी बाजूला येऊ देऊ नका. ती नोंद पाठीमागे करता येते. हा आग्रह ठरावाच्या वेळीच मांडला तर कुणाला वाईट वाटत नाही.

४. साहित्य

- कागद: ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), २२ × ३० इंची पूर्ण ताव, शक्यतो आम्लरहित. दोन घ्या.
- वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक
- कट निब (तिरक्या कापाचं चपटं निब) किंवा बोरू, निदान तीन जाडीचे. नावासाठी चपटा ब्रश
- पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिक, पाच-सहा रंग पुरे
- शून्य, दोन आणि चार नंबरचे गोल ब्रश
- एचबी आणि २बी पेन्सिल, मऊ खोडरबर, तीस इंची स्टीलची पट्टी, गुण्या
- ट्रेसिंग पेपर, मास्किंग टेप, ड्रॉइंग बोर्ड
- हाताखाली धरायला कोरे कागद

कागदाबद्दल दोन शब्द. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागझीपुरा नावाचं गाव आहे. तिथे हातकागद बनवण्याची परंपरा तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली त्या काळापर्यंत मागे जाते. मराठवाड्यातल्या शाळेच्या संस्थापकांचा फलक मराठवाड्याच्या कागदावर व्हावा, असं मला मनापासून वाटतं. पण हातकागद घेतलात तर आधी तुकड्यावर शाई लावून पाहा. काही कागदांवर शाई फुटते, अक्षराच्या कडांना केस आल्यासारखे दिसतात. घट्ट, घोटलेला, गुळगुळीत कागद मागा. तसा मिळाला नाही तर हातकागद चौकटीच्या मागच्या माउंटसाठी, म्हणजे आधाराच्या पुठ्ठ्यासाठी, वापरा आणि लिखाण ड्रॉइंगच्या कागदावर करा.

निब घेताना मराठीसाठी हवं असं सांगूनच घ्या. देवनागरीच्या निबचा तिरका काप इंग्रजी निबच्या उलट्या बाजूला असतो. इंग्रजी निबनं लिहिलेल्या मराठी अक्षरात जिथे जाड हवं तिथे बारीक येतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट.

सोनेरी रंगाचा मोह सगळ्यांना होतो. वार्निशमध्ये कालवायची सोनेरी पूड घेऊ नका. ती पितळेची असते आणि काही वर्षांत काळपट-हिरवी पडते. सोनेरी हवाच तर अ‍ॅक्रिलिकमधला घ्या आणि फक्त चौकटीच्या बारीक रेषेला वापरा. पिवळ्या मातकट रंगाशेजारी गडद तपकिरी ठेवला तरी लांबून सोन्याचा भास होतो, आणि तो टिकतो.

५. मापं

ताव उभा धरा. डावी-उजवीकडे दोन-दोन इंच, वर दोन इंच आणि खाली अडीच इंच कोरं सोडा. खालचं अंतर जास्त नसेल तर फ्रेममध्ये चित्र घसरल्यासारखं दिसतं. उरली १८ × २५.५ इंचांची चौकट. नक्षीपट्टी दीड इंच रुंद धरा. चार कोपऱ्यांत दीड इंची चौरस बाजूला काढले की मधे आडवी लांबी १५ इंच आणि उभी २२.५ इंच उरते. नक्षीचा एक नग सव्वा इंचाचा ठेवलात तर आडव्या पट्टीत बरोबर १२ आणि उभ्या पट्टीत बरोबर १८ बसतात. हा हिशेब न करता एका कोपऱ्यातून रंगवत सुटलं की चौथ्या कोपऱ्यात अर्धं फूल उरतं. चौकटींचं काम बिघडतं ते नव्वद टक्के वेळा इथेच.

आतली १५ × २२.५ इंचांची जागा साधारण अशी वाटा: वर चेहऱ्याला सात इंच, नावाला तीन, सालांना एक, मजकुराला आठ, शाळेचं नाव आणि गाव यांना अडीच. राहिलेला इंच मधल्या फटींत जातो.

फलक शाळेच्या दालनात लागतो आणि माणूस पाच-सहा फुटांवरून वाचतो. दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं, म्हणून इथे अर्ध्या इंचाच्या आसपास चालतं. अर्ध्या इंची अक्षराची एक ओळ वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार धरून एक इंचाहून थोडी जास्त जागा खाते. आठ इंचांत सात ओळी, एका ओळीत सहाच्या आसपास शब्द. चाळीस शब्दांची मर्यादा आली ती इथून. मजकूर मोठा आहे म्हणून अक्षर लहान करू नका, मजकूर कापा.

ही सगळी मांडणी आधी स्वस्त कागदावर पूर्ण मापात करा आणि भिंतीवर चिकटवून आठवडाभर राहू द्या. येता-जाता जे खटकेल ते खटकेलच.

६. चेहरा

घरच्यांकडून मिळालेला फोटो बहुतेक वेळा झेरॉक्सची झेरॉक्स असतो, नाहीतर स्टुडिओत रंग भरून गुळगुळीत केलेला. शाळेचे जुने ग्रुप फोटो शोधा. निवृत्त होणाऱ्या शिक्षकांच्या निरोप समारंभाचे फोटो घरोघरी असतात, त्यांत संस्थापक खुर्चीवर मधोमध बसलेले सापडतात.

छापील फोटो फलकावर चिकटवू नका. इंकजेटची छपाई आजूबाजूच्या शाईच्या आधी उडते, आणि काही वर्षांनी सुंदर चौकटीत फिकट चेहरा उरतो.

चौकोनांची पद्धत सगळ्यात खात्रीची. फोटोच्या प्रतीवर अर्ध्या इंचाचे चौकोन आखा, कागदावर दीड इंचाचे. चित्र तिप्पट होतं. एकेक चौकोन स्वतंत्र चित्र समजून काढा. डोळा काढतोय असा विचार केला की हात आपोआप ठरावीक डोळा काढतो. हे काम वेगळ्या कागदावर करा आणि ट्रेसिंगनं मूळ तावावर उतरवा, म्हणजे तावावर खोडाखोड होत नाही.

छटा पेननं ठिपक्यांनी भरा. वेळ लागतो, पण नवशिक्यासाठी ही पद्धत सगळ्यात दयाळू आहे, कारण अंधार हळूहळू वाढवता येतो. फोटोतला उजेड ज्या बाजूनं असेल तीच बाजू शेवटपर्यंत ठेवा. चेहरा तरुण करू नका, गोरा करू नका. फेट्याचा पीळ, टोपीचा कल, चष्म्याची जाड कडा, बाई असतील तर डोक्यावरच्या पदराची घडी यांकडे चेहऱ्याइतकंच लक्ष द्या. गावातली माणसं त्यावरूनच ओळखतात.

७. अक्षरं

सगळं लिखाण एकाच हाताचं हवं. दोन जणांनी वाटून घेतलं की चौथ्या ओळीपासून ते दिसतं.

अक्षराची उंची, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत, निबच्या जाडीच्या साधारण पाचपट ठेवा. अर्ध्या इंची अक्षराला एक दशांश इंच, म्हणजे अडीच मिलिमीटरचं निब लागतं. प्रत्येक ओळीसाठी पेन्सिलीनं चार फिक्या रेषा आखा: मात्रांची, शिरोरेषेची, पायाची आणि उकाराची.

आधी शब्दातली सगळी अक्षरं शिरोरेषेशिवाय लिहा, मग त्या शब्दाची रेषा त्याच निबनं एका दमात ओढा. शिरोरेषा आधी पट्टीनं आखून तिला अक्षरं लटकवली की अक्षरांत श्वास राहत नाही, सगळं छापील दिसतं. एका ओळीची रेषा सलगही ओढू नका. शब्द तुटले पाहिजेत. ‘कृतज्ञतापूर्वक’ सारख्या लांब शब्दात ‘ज्ञ’पाशी निब कोरडं पडतं, तेव्हा शब्द सुरू करण्याआधीच शाई भरून घ्या आणि कोऱ्या कागदावर एक रेघ ओढून जास्तीची काढून टाका.

शाई एखाद्या जागी कागद धरत नसेल, थेंब होऊन सरकत असेल, तर तिथे हाताचा तेलकटपणा लागलेला आहे. खडूची पूड हलक्या हातानं चोळा, मऊ ब्रशनं झटका, मग लिहा. म्हणूनच हाताखाली कायम कोरा कागद हवा. मार्च ते मे या काळात हे काम करत असाल तर सकाळीच करा. दुपारी निबवर शाई वाळते. कूलरसमोर बसू नका, त्याच्या ओल्या वाऱ्यानं ताव फुगतो आणि रेषा वाकड्या जातात.

अक्षर चुकलं तर घाबरून पुसू नका. पूर्ण वाळू द्या. धारदार पात्यानं वरचा थर अलगद खरवडा, चमच्याच्या पाठीनं ती जागा घोटा आणि पुन्हा लिहा. जाड कागद घ्यायचा तो यासाठीही.

८. नक्षी

आता नक्षी. तयार नमुन्यांच्या पुस्तकातली वेल उतरवायच्या आधी एवढंच पाहा की या माणसाच्या आयुष्यात काय होतं. आमच्या फलकावर चौकटीत ज्वारीची कणसं आहेत, कारण शाळा सुरुवातीला खळ्यावरच्या धान्यावर चालली. कणीस काढायला सोपं: मधे दांडा, दोन्ही बाजूंना टपोरे ठिपके, खाली दोन लांब पानं, एक डावीकडे वळलेलं आणि एक उजवीकडे. सव्वा इंचात एक कणीस, आणि एकाआड एक उलटं ठेवलं की पट्टी आपोआप विणल्यासारखी होते. कोपऱ्यात कंदील. रात्रीचे वर्ग कंदिलावर चालत, हे पहिल्या तुकडीच्या एका आजोबांनी सांगितलं होतं.

तसं काही हाती लागलं नाही तर आपल्याच भागातल्या नक्ष्या घ्या. पैठणीचा नारळी काठ, मुनिया (पोपट), आसावलीची फुलवेल हे सव्वा इंची नगात छान बसतात. अजिंठ्याच्या छतांवर कमळं आणि हंस आहेत. एका फलकावर एकच घराणं ठेवा. पैठणीचा मोर, अजिंठ्याचं कमळ आणि वारली माणसं एकत्र आली की डोळ्याला बसायला जागा राहत नाही. समया, मोरपीस आणि उगवता सूर्य गाळलात तर काहीही बिघडत नाही.

रंग तीन ठेवा आणि त्यांच्या गडद-फिक्या छटा. चेहरा काळ्या शाईत असल्यानं चौकट भडक झाली की नजर कडेलाच अडकते. पोस्टर कलर पातळ, दोन हातांत लावा. जाड थर उन्हाळ्यात तडकतो.

मुलांना सहभागी करायचं तर इथे करा. आठवी-नववीची लेकरं पानं आणि दाणे फार मन लावून भरतात. आधी वेगळ्या कागदावर दहा कणसं काढून घ्या, ज्यांचा हात बसला त्यांना तावावर बसवा. प्रत्येकाला एक सलग पट्टी न देता चारही बाजूंचे थोडे-थोडे नग द्या, म्हणजे हातांतला फरक सगळीकडे पसरतो.

९. फ्रेमच्या आधी

ताव चार-पाच दिवस सावलीत, वरून पातळ कापड टाकून वाळू द्या. पेन्सिलीच्या रेषा त्यानंतरच खोडा. मग मंजूर मजकुराचा कागद आणि फलक शेजारी ठेवून एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवून पाहायचं, तेही शेवटच्या शब्दापासून उलट. उलट वाचताना डोळा चूक भरून काढत नाही.

फ्रेम होण्याआधी चांगला फोटो काढून ठेवा, सावलीत, फ्लॅशशिवाय. काच लागल्यावर नीट फोटो येत नाही, आणि पुढे निमंत्रणपत्रिकेला, स्मरणिकेला हाच लागतो.

१०. फ्रेम आणि जागा

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी आधीच सांगा आणि शक्य असेल तर तिथे उभं राहून करून घ्या. लॅमिनेशन करायचं नाही. गोंदानं पूर्ण ताव प्लायवर चिकटवायचा नाही. काच रंगाला टेकता कामा नये. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण पावसाळ्यात आतून दमट होऊन पोस्टर कलर काचेला चिकटतो आणि काच काढताना सोलून निघतो. तावाच्या चारही कडांवर जाड पुठ्ठ्याचं माउंट घातलं की काच आणि ताव यांच्या मधे फट राहते.

ताव मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेला, कागदाच्या दोन पट्ट्यांनी अडकवायचा. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ चांगली. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका.

भिंत निवडताना पश्चिमेचं ऊन, गळकी बाजू आणि पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीचा धूर टाळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत रबराचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीची ओल सरळ लागत नाही. पुण्यतिथीला हार फ्रेमवर घाला, उदबत्ती मात्र चार हात लांब. काच पुसताना पाणी मारू नका, ते कडेनं आत उतरतं. ओलसर फडकं फिरवा आणि लगेच कोरडं करा. दर दिवाळीच्या सुट्टीत फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. वाळवीची माती दिसली तर लगेच कळतं.

फ्रेमच्या पाठीवर एक चिठ्ठी लावा: फलक कधी केला, कागद आणि रंग कोणते, कुणी लिहिला, कुणी रंगवला, मदत करणाऱ्या मुलांची नावं, देणगीदार, आणि तारखा कोणत्या वहीच्या कोणत्या पानावरून घेतल्या ते. पुढे कुणी सालावर शंका घेतली तर शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही. त्याच दिवशी क्लार्कसाहेबांकडून फलकाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, करून घ्या. शाळेची रंगरंगोटी निघते तेव्हा नोंद असलेल्याच वस्तू मोजून परत भिंतीवर लागतात.